लॅपटॉप कंपनीचा, वही तुझी

परवा रात्री फोनवर तू भडाभडा जे बोललीस ते अजून मनात घोळतंय. टीम्सवरचा हिरवा ठिपका पिवळा झाला की लीडचा मेसेज येतो. स्वतःच्या फोनवर कंपनीचं ॲप टाकायला लावलं. वर्षभर राबून अप्रेझलला 'बेल कर्व्हमुळे' थ्री रेटिंग हातात पडलं. आणि तुला टाकलंय ते मॉड्यूल कसलं, तर लोक स्क्रीनवर कुठे किती वेळ थांबतात त्याची नोंद ठेवणारं. "मावशी, ते माझ्यावर नजर ठेवतात आणि मी लोकांवर ठेवते. सोडून देऊ का?" असं विचारलंस.

सोडायचं की नाही ते तूच ठरव. पण राहिलीस तरी आणि सोडलीस तरी कामी येतील अशा काही गोष्टी सांगते. वाय-टू-केच्या धांदलीपासून मी या धंद्यात आहे. यातलं काही माझ्या पहिल्या लीड बाईंनी मला कानात सांगितलं होतं, काही आजूबाजूला बघून कळलं. कंपनीनं तुझं काम विकत घेतलंय, तेवढंच. आणि तुझ्या कोडच्या पलीकडे बसलेल्या माणसानंही ॲपला जेवढं लागतं तेवढंच द्यायचं कबूल केलेलं असतं. या दोन्ही कुंपणांची राखण तुला करायची आहे, एकाची करून भागणार नाही.

आधी लॅपटॉप. तो कंपनीचा आहे हे डोक्यात पक्कं बसव. बँकेचं काम, डॉक्टरांचे रिपोर्ट, दुसऱ्या नोकरीचा अर्ज, नवऱ्याशी झालेलं भांडण, यातलं काहीही त्यावर नको. 'ब्राउझरमध्ये कुलूप दिसतं ना' असं तू म्हणशील. पत्त्याच्या पट्टीतल्या त्या चिन्हावर क्लिक करून सर्टिफिकेट कुणी दिलंय ते एकदा उघडून बघ. घरच्या संगणकावर तिथे एखाद्या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं नाव दिसेल. ऑफिसच्या मशीनवर त्याच साइटला तुमच्या कंपनीचं किंवा एखाद्या सुरक्षा-सॉफ्टवेअरचं नाव दिसलं, तर मध्ये बसलेला प्रॉक्सी सगळं उघडून, वाचून, पुन्हा बंद करून पुढे पाठवतोय. मशीन हातात देतानाच आयटीवाल्यांनी त्यात कंपनीचं रूट सर्टिफिकेट घातलेलं असतं, म्हणून ब्राउझर कुरकुर करत नाही. इनकॉग्निटोचा इथे काही उपयोग नाही, ते फक्त तुझ्या मशीनवरची हिस्टरी लपवतं. आणि क्रोममध्ये स्वतःच्या जीमेलनं साइन-इन करून ठेवलं असशील तर आजच काढ. घरचे सगळे पासवर्ड त्या वाटेनं कंपनीच्या मशीनवर उतरतात.

टीम्स, स्लॅकवरचं खासगी चॅटही खासगी नसतं. एचआरनं किंवा कायदा विभागानं मागितलं तर ॲडमिन ते काढून देऊ शकतो, आणि बऱ्याच कंपन्यांत तू डिलीट केलेलं वाक्यही ठरलेल्या मुदतीपर्यंत मागे जपलेलं असतं. मॅनेजरबद्दल मैत्रिणीशी बोलायचं तर चहाच्या टपरीवर बोल.

ठिपक्याचं म्हणशील तर माउस हलवणारं यंत्र किंवा सॉफ्टवेअर मुळीच घेऊ नकोस. 2024 मध्ये अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेनं कीबोर्ड चालू असल्याचा आभास केला म्हणून डझनभराहून जास्त माणसं काढली. मजा बघ, काम झालं की नाही हा प्रश्न मागेच राहिला. त्याऐवजी कॅलेंडरवर दोन तास 'कोडिंग, मेसेज नंतर बघेन' असं उघड लिहून ठेव आणि लीडला एकदा समोर बसून सांग. मायक्रोसॉफ्टनं 2020 च्या अखेरीस 'प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर' नावाचं साधन आणलं होतं. कोण किती मेल लिहितो, किती मीटिंगा करतो हे मॅनेजरला माणसाच्या नावानिशी दिसायचं. युरोपातल्या अभ्यासकांनी आरडाओरडा केला आणि डिसेंबर उजाडताच कंपनीला त्यातली नावं काढून टाकावी लागली. ओरडल्यानं काही होत नाही असं जे तुमच्या फ्लोअरवर म्हणतात, त्यांना हे सांग.

फोनबद्दल. कंपनीचं ॲप टाकण्याआधी आयटीला एकच प्रश्न विचारायचा आणि उत्तर मेलवर घ्यायचं: "हे वर्क प्रोफाइल आहे की पूर्ण डिव्हाइसचं नियंत्रण?" अँड्रॉइडवर वर्क प्रोफाइल असेल तर ऑफिसच्या ॲपवर छोटं ब्रीफकेसचं चिन्ह येतं. कंपनी तेवढाच भाग पाहू आणि पुसू शकते, तुझे फोटो, मेसेज तिच्या हाती लागत नाहीत. पूर्ण नियंत्रण दिलंस तर सगळा फोन दुरून पुसता येतो. म्हणजे नोकरी गेली त्या दिवशी आपल्या छोट्या ओवीच्या बारशाचे फोटोही गेले. टाकताना जो पडदा समोर येतो त्यात 'सर्व डेटा पुसणे' असं लिहिलेलं असतं, पण घाईत सगळे 'ॲक्टिव्हेट' दाबतात. तू थांबून वाच. कंपनीचा फोन मागता आला तर माग, नाहीतर कपाटातला जुना हँडसेट काढ आणि त्यात घरच्या वायफायवर फक्त ऑफिसची ॲप ठेव. हजेरीच्या ॲपला लोकेशन द्यावंच लागलं तर 'ॲप वापरताना' एवढंच, 'नेहमी' कधीच नाही.

आता वहीचं. हे मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण माझ्या सगळ्या नोकरीत याच्याइतकं दुसरं काही कामी आलं नाही. साधी दोनशे पानी वही घे. रोज निघताना तारीख घालून चार ओळी: आज काय करायला सांगितलं, कुणी सांगितलं, मी काय उत्तर दिलं, काय पूर्ण झालं. कोड नाही, क्लायंटची गुपितं नाहीत, पासवर्ड तर नाहीच. फक्त तुझ्या कामाचा रोजनामा. ऑफिसची मेल स्वतःच्या जीमेलवर फॉरवर्ड करायच्या भानगडीत पडू नकोस. ते पकडणारी सॉफ्टवेअर असतात, आणि न्याय तुझ्या बाजूला असला तरी त्या एका फॉरवर्डवरून तुलाच आरोपी करतात.

आमच्या त्या लीड बाई सांगायच्या, तोंडी आलेला बदल लेखी झाल्याशिवाय कोडमध्ये येता कामा नये. कॅन्टीनमध्ये, जिन्यात, लिफ्टमध्ये मॅनेजर म्हणतो, "अगं, ते व्हॅलिडेशन सध्या काढून टाक, रिलीज अडकलंय." तू हो म्हण, जागेवर जा आणि लगेच दोन ओळींची मेल टाक: 'आत्ता बोलणं झालं त्याप्रमाणे अमुक व्हॅलिडेशन या रिलीजपुरतं काढते आहे. यामुळे चुकीच्या रकमा स्वीकारल्या जाण्याचा धोका आहे. पुढच्या रिलीजला परत घालायचं ठरलं आहे. काही वेगळं असेल तर कळवावे.' यात तक्रार नाही, चढा सूर नाही. बहुतेक वेळा अशी मेल गेली की दहा मिनिटांत उत्तर येतं: "राहू दे, काढू नकोस."

फोक्सवॅगनची गोष्ट तुला माहीत असेल. डिझेल गाड्या प्रदूषणाच्या चाचणीपुरत्या साळसूद वागतील अशी व्यवस्था त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये केली होती. 2017 मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयानं जेम्स लियांग या इंजिनिअरला 40 महिन्यांची कैद आणि 2 लाख डॉलर दंड ठोठावला. वरून आलेलं काम केलं, एवढं म्हणणं पुरलं नाही. आणि ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसचं होरायझन प्रकरण तर प्रत्येक इंजिनिअरनं वाचलंच पाहिजे. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोष होते, पैसे कमी दिसायचे, आणि 1999 ते 2015 या काळात नऊशेहून जास्त पोस्टमास्तरांना चोर ठरवून शिक्षा झाली. घरं विकली गेली, काहींनी जीव दिला. दोष कुणाला माहीतच नव्हते असं नाही. सपोर्टच्या लोकांकडे त्यांच्या नोंदी होत्या, पण त्या कोर्टात आरोपीपर्यंत पोचल्याच नाहीत. बग नोंदवायच्या तुमच्या त्या 'जिरा' टूलमध्ये 'लो प्रायॉरिटी' म्हणून पडलेल्या बगच्या पलीकडे असा एखादा पोस्टमास्तर असू शकतो. म्हणून बग बंद करताना 'पुन्हा दिसला नाही' असं कधी लिहू नकोस. काय तपासलं, कुठल्या डेटावर तपासलं, ते लिही.

तुझे स्वतःचे कागद मात्र घरी हवेतच. अपॉइंटमेंट लेटर, दर महिन्याची सॅलरी स्लिप, फॉर्म 16, इन्क्रिमेंटची पत्रं, रेटिंगची पत्रं, सगळं आलं त्या दिवशीच उतरवून ठेव. नोकरीवरून काढायची वेळ आली की तासाभरात लॉगिन बंद होतं, मग एचआरच्या दारात याचक होऊन उभं राहावं लागतं. पीएफच्या यूएएनला ऑफिसचा मेल जोडला असेल तर बदलून स्वतःचा नंबर आणि स्वतःचा मेल जोड. तीन महिन्यांतून एकदा पासबुक उघडून पैसे खरंच भरले गेलेत का ते बघ.

रेटिंगवर रडू नकोस. कर्मचाऱ्यांना ठरावीक टक्क्यांच्या खणांत बसवायची ही बेल कर्व्हची रीत जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्च यांनी गाजवली. त्याच रीतीनं माणसं एकमेकांचे पाय ओढतात हे बघून मायक्रोसॉफ्टनं 2013 मध्ये ती सोडली. आपल्याकडे काही ठिकाणी अजून चालू आहे. आठ जणांच्या टीममध्ये एकाला खालचा खण द्यायचाच असतो, आणि तो बहुधा बाळंतपणाच्या रजेवरून आलेल्या, नाहीतर प्रोजेक्ट बदलून नव्यानं आलेल्या माणसाच्या वाट्याला येतो. मला याची मनस्वी चीड आहे. तरी लढायचं कसं, ते सांगते. चर्चेला जाताना वहीतून वर्षाची दोन पानं काढून ने, प्रत्येक कामापुढे तारीख. 'मी खूप मेहनत केली' असं म्हणू नकोस, 'ऑगस्टमध्ये अमुक बॅच जॉब चार तासांवरून चाळीस मिनिटांवर आणला' असं म्हण. रेटिंग बदलेलच असं नाही, पण पुढच्या वर्षी खण भरताना तुझ्या नावावर हात अडखळतो.

पीआयपी, म्हणजे 'ठरल्या मुदतीत काम सुधारा' असं बजावणारा कागद, हातात पडला तर त्याच रात्री रेझ्युमे नीट कर. मीटिंगमध्ये सही करायची घाई करू नकोस, "वाचून उद्या देते" म्हण. उद्दिष्टं मोजता येतील अशी लेखी माग आणि दर आठवड्याला काय झालं त्याची मेल पाठव. आणि कधी अचानक छोट्या खोलीत बोलावलं, समोर एचआर आणि मॅनेजर, मध्ये कोरा कागद, आणि "आत्ता राजीनामा दे, नाहीतर टर्मिनेट करू, रेकॉर्ड खराब होईल" असं म्हणाले, तर पेन उचलू नकोस. तुझ्या हातचा राजीनामा आणि कंपनीनं काढणं यांत कायद्याच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक आहे. "मला विचार करायला वेळ हवा, तुमचं म्हणणं मेलवर पाठवा" एवढं बोल आणि ऊठ. घाम फुटेल, पाय लटपटतील, तरी ऊठ. पुण्यात नाईट्स ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना अशा तक्रारी श्रम मंत्रालयापर्यंत नेते. कामगार आयुक्तांचं कार्यालयही फक्त कारखान्यातल्या लोकांसाठी आहे असं समजू नकोस. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार नोकरी सुटल्यावर राहिलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यावं लागतं, तेव्हा 'फुल अँड फायनलला पंचेचाळीस दिवस लागतात' हे ऐकून गप्प बसू नकोस.

बाँडचं एक. 'बाँडला कोर्टात कुणी विचारत नाही' असं तुझ्या ग्रुपवर सर्रास म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 मुळे नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नका ही अट टिकत नाही. पण नोकरीत असताना अमुक वर्षं राहीन, आधी गेले तर इतके पैसे भरीन, हे वेगळं. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका सरकारी बँकेची तीन वर्षं आणि दोन लाखांची अशी अट उचलून धरली. सही करण्याआधी आकडा बघ.

तासांबद्दल मी फार बोलणार नाही. नारायण मूर्तींनी 2023 मध्ये आठवड्याला 70 तासांचं सांगितलं, 2025 च्या सुरुवातीला एल अँड टीच्या अध्यक्षांनी 90 चं. आणि 2024 मध्ये आपल्याच पुण्यात सव्वीस वर्षांची एक सीए मुलगी नोकरीला लागल्यापासून चार महिन्यांत गेली, तिच्या आईचं पत्र सगळ्या देशानं वाचलं. मी ते वाचलं तेव्हा तूच डोळ्यांसमोर होतीस. छातीत दुखलं, श्वास लागला, झोप उडाली तर रिलीज सोडून डॉक्टरकडे जायचं. यावर चर्चा नाही.

आता दुसरं कुंपण. तुझा कोड.

"डेटा अनॉनिमस आहे" हे वाक्य तुझ्या डिझाइन डॉक्युमेंटमध्ये असणारच. लतान्या स्वीनी या संशोधिकेनं 2000 साली दाखवून दिलं, की पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतली 87 टक्के माणसं एकेकटी ओळखता येतील. त्याआधी तिनं मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांचे आजारपणाचे कागद अशाच 'नाव काढलेल्या' डेटातून शोधून काढले होते. 2008 मध्ये अरविंद नारायणन आणि व्हिताली श्मातिकोव्ह यांनी नेटफ्लिक्सनं प्रसिद्ध केलेल्या निनावी रेटिंगमधून माणसं ओळखली. नाव पुसलं म्हणजे माणूस पुसला गेला असं होत नाही.

हे कागदावरचं वाटत असेल तर एक पाहिलेलं सांगते. एका बँकेच्या प्रोजेक्टवर टेस्टिंगच्या सर्व्हरवर प्रॉडक्शनचा अख्खा डंप आणून ठेवला होता. वेळ वाचतो म्हणून. खरी नावं, खरे पत्ते, खरी थकबाकी. टीममध्ये सांगलीकडचा एक मुलगा होता. क्वेरी चालवताना त्याला स्वतःच्या मामांचं नाव दिसलं आणि पुढे हप्ते थकल्याच्या नोंदी. घरात कुणालाच माहीत नव्हतं. तो पोरगा दिवसभर कुणाशी बोलला नाही. संध्याकाळी आम्ही दोघं-तिघं क्लायंटच्या माणसाकडे गेलो आणि आठवड्याभरात तो डंप काढून बनावट डेटा आला. कुणी वाईट नव्हतं तिथे. फक्त कुणी विचारलं नव्हतं.

म्हणून विचारत जा. डिझाइन रिव्ह्यूला दरवेळी हेच: हे फील्ड कशाला हवंय, किती दिवस ठेवायचं, आणि कोण उघडू शकतं? पहिल्या प्रश्नाला 'पुढेमागे लागेल' असं उत्तर आलं तर ते फील्ड काढायला लाव. लॉगमध्ये मोबाइल नंबर, आधार, ओटीपी जाता कामा नयेत. डीबगच्या नादात टाकलेली एक ओळ वर्षानुवर्षं फायली भरत राहते. तुझ्या त्या मॉड्यूलमध्ये लोक फॉर्ममध्ये लिहून खोडतात तेही पकडलं जातं का, हे मुद्दाम तपास. माणूस 'पाठवा' दाबत नाही तोवर ते त्याचं आहे.

मॅनेजरला नीतीच्या गोष्टी ऐकू येत नसतील तर रुपयांत सांग. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यातून पुढे 2023 चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा आला, त्यात सुरक्षेची काळजी न घेतल्यास 250 कोटींपर्यंत दंडाची तरतूद झाली, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये त्याचे नियम आले. संमती न घेताच टिक केलेला चौकोन, सापडणारच नाही असं 'रद्द करा' बटण, नकार देणाऱ्याला लाजवणारी वाक्यं, अशा 13 प्रकारांना ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2023 मध्येच मनाई केली आहे. तुला असं बटण बनवायला सांगितलं तर ती यादी तिकिटाला जोड. मात्र त्या डेटा संरक्षण कायद्यातच नोकरीच्या कारणासाठी मालकाला कर्मचाऱ्याची माहिती संमतीशिवाय वापरायला वाट ठेवलेली आहे, म्हणून लॅपटॉप-फोनची काळजी तुझी तुलाच घ्यायची आहे.

कधी तरी 'हे मी करणार नाही' म्हणायची वेळ येईल. 2018 मध्ये गुगलच्या हजारो कर्मचाऱ्यांनी ड्रोनच्या चित्रणाचं विश्लेषण करणाऱ्या लष्करी प्रकल्पाविरुद्ध सह्या केल्या, काहींनी राजीनामे दिले, आणि कंपनीनं तो करार पुढे वाढवला नाही. तिथे त्या सह्या एकत्र झाल्या होत्या. एकटी उभी राहू नकोस, आधी टीममधले दोघं सोबत घे. मॉड्यूल बदलून माग, लेखी माग, शांतपणे माग. आणि या सगळ्याला बळ येतं ते बँकेत सहा महिन्यांचा खर्च पडून असेल तेव्हा. तू घ्यायचं म्हणतेस त्या वाकडच्या टू बीएचकेचं ब्रोशर बाजूला ठेव थोडे दिवस. पगाराच्या अर्ध्याहून जास्त हप्ता असलेला माणूस मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही, हे मी हुशार हुशार लोकांचं होताना पाहिलंय.

रविवारी येशील तेव्हा अपॉइंटमेंट लेटर घेऊन ये, नोटीस पीरियड आणि बाँडची कलमं आपण बसून वाचू. तुझ्या ज्या मैत्रिणीला पीआयपी आलाय म्हणालीस, तिलाही आण. तिचं पत्र आधी बघू, तुझं जेवणानंतर.